मागाची खोली सुनेच्या नावे

मी नेबाहत किर्देमिर, जेमिल विणकराची एकुलती मुलगी, रिफ्की किर्देमिरची बायको, वय अडुसष्ट, राहणार बुलदान, हे मृत्युपत्र स्वयंपाकघरातल्या मेजावर बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. पहिल्या अक्षरापासून सहीपर्यंत सगळे एकाच हाताचे असेल तर आमचा कायदा असे मृत्युपत्र साक्षीदारांशिवायही मानतो, असे वकीलबाईंनी सांगितले. म्हणून कोणाकडून टाइप करून घेतलेले नाही. माझे अक्षर माझा मुलगा तुन्जाय चांगले ओळखतो. शाळेत असताना त्याच्या गृहपाठाच्या वहीत ते पुष्कळदा सापडलेले आहे.

माझे डोके ठिकाणावर आहे. त्याचा दाखला सोबत जोडला आहे. तो आणायला मी देनिझलीला जाऊन आले. तिथल्या तरुण डॉक्टरने मला घड्याळाचे चित्र काढायला लावले, आजचा वार विचारला, काही शब्द सांगून थोड्या वेळाने ते परत म्हणायला सांगितले. मी म्हटले. मग तो म्हणाला, "आजी, हे सगळं कशाला हवंय?"

"मृत्युपत्र करायचंय. नाहीतर मुलगा म्हणेल, म्हातारीला भ्रम झाला होता."

"मुलगा असं म्हणेल?"

"चांगला मुलगा आहे. पण म्हणेल."

डॉक्टरने शिक्का जरा जोरातच मारला.

तरी मी माझ्या मालकीच्या वस्तूंची व्यवस्था पुढीलप्रमाणे लावून ठेवते. कोणी धाक घातलेला नाही. घालू पाहणारे होते, त्यांची नावे ओघात येतील.

कलम पहिले. घर.

हे घर माझे आहे. हे वाक्य लिहायला मला बरे वाटते म्हणून पुन्हा लिहिते. हे घर माझे आहे. माझ्या वडिलांनी ते माझ्या नावे केले आणि रिफ्की या घरात घरजावई म्हणून आला. तो आला तेव्हा त्याच्याकडे एक पेटी होती आणि यंत्रमाग घ्यायचे वेड होते. पुढे त्याने गावाबाहेर कारखाना उभा केला तो स्वतःच्या हिमतीवर. त्या कारखान्यावर माझा काही हक्क नाही, मी सांगतही नाही.

घराचा वरचा मजला तुन्जाय आणि माझी मुलगी नूरजान या दोघांना समान मिळावा. मुलांचा जो वाटा कायद्याने राखून ठेवलेला आहे, त्याला मी धक्का लावत नाही. मात्र रिफ्की जिवंत असेपर्यंत या मजल्यावर राहील आणि त्याचा पलंग आहे त्याच खोलीत, खिडकीपाशी राहील. सोयीचे पडते म्हणून कोणी त्याला मागच्या खोलीत हलवू नये. रस्ता दिसल्याशिवाय त्या माणसाला झोप येत नाही.

तळमजल्यावरची मागाची खोली या कलमात येत नाही. तिची नोंदणी कार्यालयात मी वेगळी नोंद करून घेतली आहे. तिच्याविषयी पुढे लिहिते.

कलम दुसरे. सोने आणि बँकेतली ठेव.

दोन्ही नूरजानला. ती इझमिरला परिचारिका आहे. तिला मागाचा आवाज कधीच सोसला नाही. लहानपणी कानात कापूस घालून अभ्यास करायची. पण तिने मला कधी माग बंद कर म्हटले नाही आणि मी तिला कधी मागावर बस म्हटले नाही. आमचे दोघींचे चांगले जमले. तिच्यावर माझा काही राग नाही, म्हणून हे कलम लहान आहे.

कलम तिसरे. माग.

खड्डामाग आहे. वडिलांच्या वडिलांनी बसवलेला. विणणारा जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसतो, पावड्या पायाखाली असतात, धोटा हाताने फेकायचा. बुलदानचे कापड मागावर सपाट दिसते. सुताला पीळ जास्त दिलेला असतो, त्यामुळे पहिल्यांदा गरम पाण्यातून काढले की ते आवळते आणि चुण्या पडतात. त्या चुण्यांसाठी लोक ते घेतात. मी विणते ते हेच.

वडील होते तोवर तळमजल्यावर एका रांगेत बरेच माग होते. यंत्रमाग आले तसे एकेक माग सरपणात गेले. वडिलांनी स्वतःचा तेवढा ठेवला आणि एका शरद ऋतूत, मागावर अर्धे कापड असताना, ते गेले. चाळिसाव्या दिवसाचा विधी उरकला. त्यानंतर काही दिवसांतच रिफ्की पहारी घेतलेले दोन मजूर घेऊन आला. त्याच्या सुताचे गठ्ठे शेडमध्ये भिजत होते आणि त्याला कोरडी खोली हवी होती. आदल्या दिवशी त्याने मला हे सांगितले होते, विचारले नव्हते.

मी अंगणात पोळ्या लाटत होते. तुन्जाय तेव्हा वर्षाचा असेल. मी हात पुसले, पोराला शालीने पाठीशी बांधले, आत गेले आणि खड्ड्यात उतरून बसले. वडिलांनी लावलेला उभ्या धाग्यांचा ताणा तसाच होता. धोट्यात त्यांनी भरलेली सुताची कांडी होती. मी विणायला लागले.

रिफ्की दारात उभा राहिला. "नेबाहत, वर ये."

"विणतेय."

"ते बाबांचं अर्धवट कापड आहे. कापून घे, ठेव जपून. मजूर खोळंबलेत."

"अर्धवट आहे म्हणूनच विणतेय."

"आणि पोळ्या?"

"कणीक झाकून ठेवलीय. लाटणं तिथंच आहे."

मजूर अंगणाच्या भिंतीवर बसले, ताक प्याले, विड्या ओढल्या. त्यातला म्हातारा स्वतः कधीकाळी विणकर होता. तो म्हणाला, "मालक, बाई मागावर असताना माग काढता येत नाही. पहार कुठं घालायची?" रिफ्कीने विचारले, "हे कापड संपल्यावर तरी काढायचा ना?" मी म्हटले, "संपल्यावर बघू."

ते संपलेच नाही. ताणा संपत आला की मी त्याच्या टोकांना पुढच्या ताण्याची टोके गाठवते, एकेक धागा. वडिलांनी लावलेल्या ताण्यापासून आजच्या ताण्यापर्यंत हा माग एकदाही रिकामा झालेला नाही. त्या हिवाळ्यात सुताचे गठ्ठे आमच्या बैठकीत होते. पाहुणे त्यांच्यावर बसून चहा प्याले. काहींना ते कोचापेक्षा मऊ वाटले.

कलम चौथे. भांडी, आणि माझ्या वेळेविषयी.

तांब्याचे मोठे पातेले माझ्या नणंदेला, फेहिमेला द्यावे. कारण असे.

लग्नानंतर मी कारखान्यासाठी कांड्या भरल्या, कामगारांचे जेवण रांधले, दोन मुले वाढवली, सासूबाई आजारी पडल्या तेव्हा त्यांना इथे आणून शेवटपर्यंत सांभाळले. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही, गावातल्या सगळ्याच बायका करतात. मी एवढेच केले की दुपारची अजान आणि तिसऱ्या प्रहराची अजान यांच्यामधला वेळ स्वतःसाठी ठेवला. त्या वेळात मी मागावर असते. दार आतून लावलेले असते. मुले तान्ही होती तेव्हा पाळण्याची दोरी पावडीला बांधत असे, पाय हलला की पाळणा हले. तुन्जायला त्यात छान झोप लागायची. अजूनही तो पंख्याच्या घरघरीशिवाय झोपत नाही असे त्याची बायको सांगते.

हिवाळ्यात हा वेळ आखडतो आणि उन्हाळ्यात वाढतो. कमी पडला म्हणून मी घराच्या वेळातून काढून घेतला नाही. घराला कमी पडला म्हणून यातून दिलाही नाही. आजारपणे सोडून. आजारपणात दार उघडे असे.

फेहिमे माझ्या दारावर थाप मारणारी एकटीच. "वहिनी, माझा भाऊ तरहानाची पेज गार पितोय."

"चूल त्याच्या डाव्या हाताला आहे."

"लोक काय म्हणतील? नवरा जेवतोय आणि बायको धागे ओढतेय."

"लोकांना सांग, कापड धुऊन झालं की बघायला या."

मी केलेले जेवण वेळेवर नसते, हे ती वर्षानुवर्षे गावभर सांगत आली. आता पातेले तिच्याकडे जाईल, तेव्हा भावाला तरहाना गरम द्यायची व्यवस्था ती स्वतः करू शकेल. फेहिमे, हे तू वाचशील तेव्हा हसशील हे मला माहीत आहे. म्हणूनच लिहिले.

आणखी एक. लोक विचारतात, एवढे विणतेस तर विकत का नाहीस. टॉवेल नवऱ्या मुलींना दिले, दुपटी बाळंतिणींना दिली. विकले नाही. विकले असते तर तो वेळ घराचा झाला असता. मग कोणीतरी म्हणाले असते, आज जरा जास्त बस, आज बसू नको, लाल पट्टा घाल, तो खपतो. जे कोणाच्या उपयोगाचे नाही त्यावर कोणी हुकूम चालवत नाही. मी त्याला निरुपयोगी राहू दिले, म्हणून ते माझे राहिले.

कलम पाचवे. माझा फोटो.

माझा मागावर बसलेला फोटो कोणत्याही कापडावर, वेष्टनावर, पाटीवर किंवा फोनवरच्या जाहिरातीत वापरू नये. ही बंदी मी गेल्यानंतरही लागू आहे आणि ती तुन्जायसाठी आहे.

कारखाना रिफ्कीने त्याच्या हाती दिला तेव्हा धंदा उतरणीला लागला होता. त्याच सुमारास शहरातल्या लोकांना हाताचे कापड आवडू लागले. तुन्जायने एक दिवस माझा फोटो काढला. मला वाटले, आईचा काढतो आहे. महिन्याभराने कारखान्याच्या दुकानात गेले तर यंत्रमागाच्या प्रत्येक टॉवेलवर मी. खाली छापलेले, "आमच्या आईच्या हातमागावरून".

दुकानात इस्तंबूलची एक व्यापारीण बसली होती. मोठी मागणी घेऊन आली होती. तुन्जायने मला तिच्यासमोर बसवले, चहा मागवला. बाईंनी टॉवेल उलगडला, हात फिरवला आणि विचारले, "मावशी, हे तुम्ही विणलंत?"

तुन्जाय माझ्याकडे बघत होता. लहानपणी गृहपाठ माझ्या अक्षरात सापडला की शाळेतल्या बाईंसमोर असाच बघायचा.

मी म्हटले, "नाही. हे मशीनवर विणलंय. मशीनही चांगलं आहे. माझ्या नवऱ्याचं आहे."

बाई सभ्य होत्या. चहा पूर्ण पिऊन गेल्या. मागणी गेली.

संध्याकाळी जेवताना तुन्जाय म्हणाला, "आई, तू एका वाक्यात कारखाना बुडवलास."

मी काही बोलायच्या आत रिफ्कीने चमचा खाली ठेवला. मला वाटले, आता बाप लेकाची बाजू घेणार. यंत्रमागावरून आमचे आयुष्यभर वाजलेले. पण तो तुन्जायला म्हणाला, "कारखाना मी उभा केलाय. माझं कापड यंत्राचं आहे हे सांगायला मला कधी लाज वाटली नाही. तुला वाटते?"

"बाबा, प्रश्न लाजेचा नाही, खपाचा आहे."

"माझ्या कापडावर माझ्या बायकोचं नाव घालून विकतोस. म्हणजे माझं कापड खोटं ठरवतोस आणि तिचंही."

तुन्जाय ताटावरून उठला. वेष्टने दुसऱ्या दिवशी निघाली. कारखाना बुडाला नाही, लहान झाला आणि चालू आहे.

त्या रात्री अंथरूण घालताना रिफ्की म्हणाला, "नाही म्हणालीस ते बरं केलंस. पण 'मशीनही' यातला 'ही' कशाला?"

"कारण हातमाग आधी."

"एवढ्या वर्षांत एकदा तरी 'ही' न लावता म्हण."

मी म्हटले नाही. दिवा घालवला. पण त्या दिवसापासून मी तिसऱ्या प्रहराला दार उघडले की बाहेरच्या पायरीवर चहाचा पेला झाकून ठेवलेला असतो. तो कधी गार झालेला नसतो.

कलम सहावे. मागाची खोली.

तळमजल्यावरची मागाची खोली, तिचा रस्त्याकडचा दरवाजा, तिच्यातला माग, फण्या, धोटे आणि सूत हे सगळे माझी सून मेल्तेम हिला मी देते. तुन्जायची बायको म्हणून देत नाही. मेल्तेम म्हणून देते. उद्या त्यांचे पटले नाही आणि ती वेगळी झाली तरी खोली तिचीच. तिने दुसरे लग्न केले तरी तिचीच.

मेल्तेम टपाल कार्यालयात नोकरी करते आणि तुन्जायबरोबर याच घरात वर राहते. दोन मुले आहेत. तीन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी ती खाली आली, खड्ड्याच्या कडेला बसली आणि म्हणाली, "आई, मला काही शिकवू नका. मला फक्त इथं बसू द्या." बसली. मी सूत गुंडाळत राहिले. पुढच्या आठवड्यात तिनेच धोटा हातात घेतला. मग आठवड्यातल्या दोन संध्याकाळी ती येऊ लागली. तिचे कापड पहिल्या वर्षी इतके वाकडे होते की रिफ्कीने ते खिडकीला धरून बघितले आणि म्हणाला, "हा टॉवेल वळण घेतोय, कुठं निघालाय विचारा." ती हसली, पण सोडले नाही.

तुन्जायला ते खटकू लागले. गेल्या महिन्यात रविवारच्या जेवणाला, सगळ्यांसमोर, तो तिला म्हणाला, "दोन संध्याकाळी तू खाली. मुलांचा अभ्यास कोण घेणार? त्यांना जेवायला कोण घालणार?"

"तू," मेल्तेम म्हणाली.

त्याला वाटले थट्टा आहे. मग कळले, थट्टा नाही. "हे बघ, लग्न झालेल्या बाईला एक काहीतरी सोडावं लागतं. नोकरी सोड म्हणत नाही मी."

मी विचारले, "तू काय सोडलंस?"

"मी काम करतो, आई."

"तीही करते. मी कामाचं विचारत नाहीये. तळ्यावर मासे धरायला जातोस दर रविवारी सकाळी, तो गळ कधी माळ्यावर टाकलास?"

दुसऱ्या दिवशी कामावरून येताना मेल्तेमने खोलीची किल्ली मला आणून दिली. "आई, मी आता नाही येत. घरात रोज भांडण नको. मुलं ऐकतात." तिचे कापड मागावर अर्धे होते. मी त्याला हात लावला नाही. त्या आठवड्यात मी दुपारची खोलीत नुसती बसून राहिले.

नंतर मला आणखी एक गोष्ट कळली. तुन्जायने घर बघायला एकाला आणले होते. खाली चहाचे दुकान, वर पाहुण्यांच्या खोल्या, आणि माग दुकानाच्या मधोमध, वर दिवे टांगून, शोभेला. "आई नसेल तेव्हा" असे त्या माणसाशी बोलताना त्याने म्हटले. मी वरच्या खिडकीत होते. मी आहे.

त्याच आठवड्यात मी वकीलबाईंकडे गेले. रस्त्याकडचा दरवाजा या खोलीतूनच आहे. खोलीच्या मालकिणीने हो म्हटल्याशिवाय या घरात चहाचे दुकान निघू शकत नाही. हे मी जाणूनबुजून केलेले आहे, म्हणजे पुढे कोणाला शंका नको.

काल मेल्तेमला बोलावले, किल्ली तिच्या हातात दिली आणि कागदात काय लिहिणार आहे ते सांगितले. ती म्हणाली, "आई, तो चिडेल."

"चिडू दे. मी आहे तोवर माझ्यावर चिडेल, नंतर कागदावर चिडेल. तुझ्यावर चिडून उपयोग नाही, तू काही मागितलेलं नाहीस."

"आणि मला विणायचं नसलं तर?"

"मग विणू नकोस. झोप काढ. चहा पी. भिंतीकडे बघ. मागाला कुलूप लाव. मी तुला माग सांभाळायला देत नाहीये, मेल्तेम, खोली देतेय. माग त्या खोलीत आहे एवढंच."

तिने किल्ली मुठीत धरली. मग पायऱ्या उतरून गेली. थोड्या वेळाने खालून मागाचा आवाज आला. तिच्या हाताची सवय सुटलेली होती, ठोका चुकत होता, पण थांबत नव्हता. वर तुन्जायने मुलांसाठी अंडी केली. ती करपली. धाकटा म्हणाला, "बाबा, आई येईपर्यंत थांबूया का?" तुन्जाय म्हणाला, "खा गुपचूप. पुढच्या वेळी बरी होतील." हे 'पुढच्या वेळी' मी जिन्यातून ऐकले. आपण काय म्हणालो ते त्याचे त्याला ऐकू गेले की नाही, ठाऊक नाही.

या खोलीच्या बाबतीत एकच अट आहे. ती ज्या वेळी आत असेल त्या वेळी कोणी दारावर थाप मारू नये. आग लागली तर मारावी.

कलम सातवे. माझे कापड आणि माझे कफन.

पेटीतले टॉवेल, दुपटी, चादरी ज्याला लागतील त्याने न्याव्यात आणि वापराव्यात. काचेत ठेवू नयेत. पुसायला आणि पांघरायला केलेल्या आहेत.

कफनासाठी त्यातले काही घेऊ नये. चुण्यांचे कापड जिवंत अंगासाठी असते. पुन्हा पुन्हा धुवावे तेव्हा ते खुलते, आणि मी जाते तिथे धुणे नाही. मला साधे, सपाट, पांढरे सुती कापड हवे. असे कापड यंत्रमागावर उत्तम होते. हे मी शुद्धीवर असताना लिहीत आहे. ते रिफ्कीने, कारखान्याच्या मागच्या शेडमधल्या त्याच्या पहिल्या यंत्रमागावर, स्वतः उभे राहून विणावे. तुन्जायच्या नव्या मागांवरचे नको. आणि त्याने ते आताच विणून ठेवावे, नंतर त्याचे हात थरथरतील.

यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. यानंतर केले तर ते याहून कडक असेल. जे लिहिले आहे त्यातला एकही शब्द मला कोणी सांगितलेला नाही, आणि खोडायला सांगितला तर मी खोडणार नाही.

बुलदान, १७ ऑक्टोबर २०१९

सही: नेबाहत किर्देमिर

साक्षीदार (कायद्याला नकोत, मला हवे होते, म्हणजे त्यांना वाचावे लागेल):

फेहिमे उस्लू, नणंद. कलम चौथे वाचले. तरहाना गारच असायची. सही केली आहे.

शेरेफ आल्तिन्ताश, औषधांचे दुकान, समोरची बाजू. सही.

खालील मजकूर माझ्या अक्षरात नाही, म्हणून तो मृत्युपत्राचा भाग धरू नये. नवऱ्याला वाचायला दिले होते, त्याने खाली लिहिले. ने. कि.

मी, रिफ्की किर्देमिर, सगळे वाचले. घर तिचे आहे, मान्य. खोली मेल्तेमची, मान्य. तुन्जायशी मी बोलतो. मजूर त्या दिवशी मी माग काढायला आणले होते हे खरे आहे, लिहिले ते बरे झाले. कलम सातवे मात्र मला मान्य नाही. ते कापड मी विणणार नाही. तिने दुसरा विणकर बघावा.

सही: रिफ्की किर्देमिर